वैशालीची सही

कोणताही कागद हाती आला की माझी मुलगी वैशाली तो मोठ्याने वाचत असे. साखर बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडासुद्धा तिला वाचल्याशिवाय टाकवत नसे. ही सवय तिला माझ्यामुळे लागली. मी मोजणी खात्यात एकतीस वर्षे भूमापक होतो. न वाचता केलेल्या सह्यांनी बांध कसे सरकतात, ते मी पाहिले आहे.

तिच्याविषयी आमच्या रिहे खोऱ्यात दोन कथा सांगितल्या जातात. माझा धाकटा भाऊ पारावर बसून सांगतो, की पोरीने वाटा मागितला, भांडली आणि माहेर तोडून गेली. माझा मुलगा सतीश सांगतो, की ताईने हसतहसत सारे सोडून दिले. दोघेही खोटे बोलतात. भाऊ आकसाने आणि मुलगा सोयीने. तेथे मी हजर होतो, म्हणून मला लिहिणे भाग आहे.

१९९८ साली ती दहावीत होती. खोऱ्यात बंगल्यांसाठी जमिनी विकल्या जाऊ लागल्या होत्या आणि संमतीच्या कागदांवर लागणाऱ्या बायकांच्या अंगठ्यांना एकाएकी मोल आले होते. बायका कागद घेऊन आमच्या ओसरीवर येत आणि वैशाली तो वाचून दाखवी. शेजारच्या हौसामामी एकदा घाईघाईने आल्या होत्या.

"वैशे, अंगठा कुटं लावू तेवढं दाव. म्हस वरडतीया."

"म्हस थांबंल, मामी. जमीन गेल्यावर तिला बांधणार कुटं?"

मामींनी अंगठा लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचे यजमान तावातावाने आले. "आबा, पोरीला आवरा. लोकांची घरं फोडतीया!" मी म्हणालो, "कागद वाचल्यानं तुजं घर फुटत आसंल, तर आदी घर तपास." त्या वाक्याचा मला पुष्कळ दिवस अभिमान वाटत असे.

पुढे ती पुण्यात शिकली, हिंजवडीतल्या एका कचेरीत लागली आणि मारुंजीत दोघी मैत्रिणींसह खोली घेऊन राहू लागली. मी प्रथम गेलो तेव्हा भाडेकरारातील एक कलम खोडायला लावून ती घरमालकासमोर शांत बसली होती. घामाघूम झालेल्या त्या गृहस्थाने मला विचारले, "काका, पोरगी वकील हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो, "माझी मुलगी हाय."

मूल मोठे झाल्याचे आईबापांना कळते, असे लोक म्हणतात. मला कळले नाही. तिचा कणखरपणा मी माझ्याच मालमत्तेत धरत होतो. २००६ साली तिचे लग्न झाले. जावई भला आहे. त्याला या प्रकरणात कोणी ओढू नये.

आमच्याकडची रीत अशी, की लग्न झालेली बहीण हक्कसोडपत्रावर सही करून वडिलोपार्जित जमीन भावाला सोडते आणि भाऊ तिला साडी घेतो. माझ्या तिघी बहिणींनी आम्हा भावांना ती अशीच सोडली. त्यांना काय वाटले, ते मी कधी विचारले नाही. सतीशने धोशा लावला, की कायदा बदललाय, मुलींनाही वाटा मिळतो, तुम्ही आहात तोवर उरकून घेऊ. मी होकार दिला. वैशालीला मात्र फोनवर एवढेच म्हणालो, "औंदा भाऊबीजेला ये. चार दीस ऱ्हा." ती हौसेने रजा काढून आली.

भाऊबीज झाली. दिवाळीच्या सुट्टीनंतर सरकारी कचेरी उघडली त्या सकाळी न्याहारी करताना मी म्हणालो, "पौडला जायाचं हाय. एक सही हाय."

निबंधकाच्या कचेरीतल्या बाकावर तिने कागद उलगडला आणि वाचू लागली. जमीन, राहते घर, गट क्रमांक, चतुःसीमा. सतीश चुळबुळत म्हणाला, "ताई, घरचाच कागद हाय. कर की." तिने मान वर केली नाही. एका ओळीवर मात्र ती थांबली: 'हा हक्क मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय सोडत आहे.'

"आबा, ही ओळ कुणी लिवली?"

"वकिलानं. समद्याच कागदांत आसती."

"तुमी वाचली?"

"वाचली."

ती माझ्याकडे पाहत राहिली. तिला जमीन नको होती, हे मी शपथेवर सांगतो. तिच्या मनात काय आहे, एवढेच मी विचारावे म्हणून ती थांबली होती. मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. बारा वाजता आमचा क्रमांक होता. तिने सही केली.

ती भांडली नाही आणि हसलीही नाही. बाहेर रसवंतीपाशी आल्यावर म्हणाली, "सहीसाठी ये म्हणला आसता, तरी आले आसते, आबा. एवढं लपवायचं काय व्हतं?" सतीशने दिलेली साडी तिने कपाळाला लावून पिशवीत ठेवली आणि रजेचे दोन दिवस शिल्लक असताना संध्याकाळच्या एसटीने परत गेली. पारावरच्यांना तेवढेच दिसले.

माहेर तिने तोडलेले नाही. त्या गोष्टीला तीन वर्षे झाली. ती दर सणाला येते. पण दोन दिवस आधी फोन करते. "आबा, ऐतवारी यावं म्हणते. तुमाला चालंल न्हवं?"

'इचारतीस काय, घर तुजं हाय' एवढे वाक्य ओठांशी येते. पण ते आता खरे नाही, आणि तसा कागद मीच तिच्याकडून करून घेतला आहे. मग मी म्हणतो, "चालंल." ती म्हणते, "बरं." आणि फोन ठेवते.