पायाळू काकूंची मोजणी

पायाळू काकू कुणाच्या कमरेला पाय लावण्याआधी त्याची माफी मागायच्या. "पाय लावतेय, राग मानू नका हं," म्हणायच्या, भिंतीला हात टेकायच्या आणि डावा पाय उचलायच्या. त्या जन्मल्या पायांकडून, आणि पायाळू माणसाचा पाय लागला की कमरेत भरलेली उसण जाते, हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. नव्वदच्या दशकात टेक्सासमधल्या अर्विंगला, दिवसाचे बारा तास खुर्चीत वाकून बसणारे आम्ही सॉफ्टवेअरवाले रविवारी त्यांच्या कार्पेटवर पालथे पडलेले असायचो.

पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून आभाळ भरलं की काकू कपड्यांच्या क्लोजेटमध्ये जाऊन बसायच्या. "एवढ्या लांब येऊन विजेनंच गाठलं म्हणजे!" म्हणायच्या. आम्ही हसायचो. पण त्या इतक्या घाबरट होत्या, म्हणूनच आम्हाला आपली भीती त्यांच्यापाशी बोलता यायची.

त्यांची एक अट असे. पाय किती वेळा लागला ते रुग्णानं मोजायचं. "आकडा चुकला तर गुण नाही. पाय माझा, गुण देवाचा." पहिल्या खेपेला मी चार दिवसांत ठणठणीत झालो. काका पेपरामागून म्हणाले, "चार दिवसांत उसण आपली आपणच जाते." काकू फणकारल्या, "मग आदल्या तीन दिवसांत का नाही गेली?" खरं कोणाचं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या खेपेला मात्र कळ कमरेतून डाव्या पायात उतरली. मी मनातून पार हादरलो. डॉक्टर ऑपरेशन सांगणार, ऑपरेशन म्हणजे रजा, आणि रजेवरच्या माणसाची नोकरी टिकेल याचा भरवसा नव्हता. नोकरी गेली की व्हिसा गेला. मी डॉक्टरपेक्षा मॅनेजरला जास्त भ्यायचो. दोन महिने दर रविवारी काकूंकडे जायचो, गुपचूप वेदनाशामक गोळ्या खायचो आणि "आराम आहे" म्हणून सांगायचो.

एका रविवारी तसाच पालथा पडून मोजत होतो. एक, दोन, तीन. मग काहीच नाही. मी वाट पाहत राहिलो.

"किती झाले?" काकूंनी विचारलं.

"तीन. थांबलात का?"

मान वळवून पाहिलं, तर काकूंचा चेहरा पांढराफटक. "अरे, नऊ झाले. सहा पोटरीवर लावले." माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी पुन्हा हलकेच पाय टेकला. मला दिसला, कळला नाही.

"ही उसण नाही. हे माझ्या पायाचं काम नाही. ऊठ, हॉस्पिटलमध्ये चल."

"काकू, उद्या रिलीज आहे. जॉब गेला तर व्हिसा जाईल."

"जाऊ दे व्हिसा! पाय गेला तर कुठल्या देशात चालणार आहेस?" गाडीची किल्ली काकांच्या हातात त्यांनीच कोंबली.

ऑपरेशन झालं. नोकरी टिकली, ज्याला मी इतका भ्यायचो त्या मॅनेजरनं फुलं पाठवली. काकूंनी मात्र पुन्हा कुणालाही पाय लावला नाही. आलेल्याला चहा द्यायच्या आणि डॉक्टरकडे पिटाळायच्या. "माझ्या नादानं पोरगं दोन महिने अडकलं," असं म्हणायच्या. मी परोपरीनं सांगितलं, "काकू, मी ऑफिसच्या भीतीनं गेलो नाही, तुमचा पाय ही माझी सबब होती." त्यांना ते पटलं नाही.

पुढे दोघं नाशिकला परतले. दर रविवारी मी फोन करायचो आणि काकू आधी तेच विचारायच्या, "पायाला कळतंय ना रे?"

"कळतंय, काकू."

"नक्की?"

"नक्की."

पोटरीला कळू लागलं होतं. डाव्या तळव्याची बाहेरची कड आणि शेवटची दोन बोटं तशीच बधिर राहिली. काकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. टबातलं पाणी किती कढत आहे ते अजूनही मी उजव्या पायानं बघतो, आणि हे मी घरात कुणालाही सांगितलेलं नाही; कुणी नाशिकला काकूंना कळवेल ही भीती त्या गेल्यावरही गेलेली नाही.