ती स्टूल ओढायची तेव्हा

स्टूल ओढल्याचा आवाज आला की आमच्या वॉर्डातल्या बाया बोलता बोलता गप व्हायच्या.

लोखंडाचं स्टूल, फरशीवर खरखर करीत यायचं. सिस्टर ते एखाद्या खाटेपाशी न्यायची, बसायची, पेशंटच्या पायाला हात लावायची आन् छाती वर-खाली व्हती ती बघत राहायची. आम्ही मावश्या एकमेकींकडं बघायचो. समद्यांच्या मनात एकच यायचं, ही खाट आता मोकळी व्हणार.

आन् लई येळा व्हायची बी.

अशी माणसं तुम्ही बी बघितली असतील. वाईट नसत्यात, पण ती दारात आली की आपण लेकराला पोटाशी धरतो.

आमचा दवाखाना खुलताबादच्या अंगाला, वीस खाटांचा. मी तिथं झाडलोट करायची, पेशंटची लघवी-संडासची भांडी द्यायची-काढायची, घाण टाकायची. सिस्टर शहरातून रोज काळ्या-पिवळ्या जीपनं यायची. वाळकी, सावळी, गळ्यात काय नाय. नवरा हाय का नाय, कुणाला ठाऊक नव्हतं. मंग लोकांनी आपल्या मनानंच काय काय रचलं.

तिच्या हाताखाली काम म्हंजे तरास. दुसऱ्या सिस्टरा म्हणायच्या, "चार नंबरचं भांडं काढ गं." ही म्हणायची, "त्यांना नाव आहे, मावशी." मी बादली घेऊन निघाले की मागून हाक यायची, "फेकू नका. आधी मला दाखवा." उलटी, लघवी, रगताचे कपडे, समदं बघायची, नाक न दाबता. एकदा मी चिडून म्हणले, "बाई, ह्याच्यात काय सोनं हाय का?"

"आहे," म्हणली. "तुम्ही रोज टाकून देता." हसली बी नाय.

वैजापूरकडची एक म्हातारी आली व्हती. पाणीच पीना. सून सांगायला लागली, "आमच्या आत्याबाई पहिल्यापासून हट्टीच हायेत..." सिस्टर म्हणली, "ताई, तुम्ही थांबा. त्यांना बोलू द्या." आन् बसली. लई येळ बसली. शेवटी म्हातारी तिच्या कानात काय तरी पुटपुटली. पाणी पिलं तं भांडं मागावं लागतंय, आन् खाटेपाशी थांबायला लेक. लेकाला कसं सांगावं?

सिस्टरनं लेकाला चहाला धाडलं, पडदा ओढला. म्हणली, "काकू, दवाखान्यात लाज चपलेबरोबर बाहेर काढून ठेवायची. जाताना घालून जा." म्हातारी बोळक्या तोंडानं अशी हसली! दोन तांबे पाणी पिली.

ती म्हातारी वाचली. पण वाचलेली कुणी ध्यानात ठिवली नाय. गेलेली तेवढी ठिवली.

एक दादीमा व्हत्या. त्यांनी तोंडावरच सांगितलं, "बेटी, तू मेरे पास मत बैठ. तू बैठी तो मेरेकू डर लगता." सिस्टर उठली. स्टूल उचलून नेलं, ओढलं नाय. पण दाराशी उभी राहून त्यांच्याकडंच बघत राहिली. तिसऱ्या दिवशी दादीमा गेल्या. मंग तं समद्यांची खात्रीच झाली. माझी बी.

त्याच साली माझी लेक बाळंतपणाला आली. पहिलटकरीण. तिथंच नाव घातलं. सकाळच्या पारी मुलगी झाली, खणखणीत रडली. डॉक्टर बघून गेले. सिस्टर आतमधी दुसरीच्या बाळंतपणात अडकली, म्हणून लेकीचं समदं मीच केलं. आमच्यात करत्यात तसं जुन्या लुगड्यानं पोट आवळून बांधलं, कानाला फडकं, वरून दोन गोधड्या. वारा शिरू नये म्हणून. रगत जात व्हतं. जाऊ दे, म्हणलं, खराब रगत जाईल तितकं चांगलं. माझ्या आईनं मला असंच सांगितलेलं. कपडा भिजला की बदलायची, बादलीत टाकायची, वर झाकण. आन् फेकायला मागच्या दारानं जायची, सिस्टरच्या टेबलापुढून नाय.

खरं सांगते, मला रगताचं भ्या वाटलं नाय. त्या स्टूलाचं वाटलं.

दुपारी ती आली. मी खाटेच्या आडवी झाले. "बाई, तुमच्या पाया पडते. हिच्यापाशी नका बसू."

तिनं माझ्याकडं बघितलं. येवढी वर्षं माझ्याच हातचा चहा पिलेली बाई.

"बरं. नाही बसत," म्हणली. "तिला विचारू तरी द्याल?"

आन् तिथूनच, पायाकडून, लेकीला नावानं हाक मारली. "बाळाला पाजलं का गं?"

"नको... झोप यायली," लेक म्हणली.

"तहान लागली?"

"लई. आई, अंधार का झालाय गं?"

खिडकीतून भर दुपारचं ऊन तिच्या तोंडावर पडलं व्हतं.

सिस्टर माझ्याकडं वळली. "मावशी, किती कपडे बदलले?"

"दोन."

"मावशी."

"...सहा."

वरडली नाय. गोधड्या खाली टाकल्या, कात्रीनं लुगडं टराटरा कापलं. खाली गादी भिजून काळी पडलेली. आणखी एक कपडा, सातवा, तसाच गच्च. तिनं लेकीच्या पोटावर हात दाबला आन् जोरजोरात चोळायला लागली, कणीक तिंबावी तसं. "डॉक्टरांना बोलवा! पायाकडची बाजू उचला! मावशी, रडू नका, तिच्याशी बोला. तिला झोपू देऊ नका."

डॉक्टर आले. दोन्ही हातांना सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली. म्हणले, "इथं व्हायचं नाय, शहरात हलवा." जावई बाळापाशी थांबला. गाडीत लेक, मी आन् सिस्टर. तिचा हात तसाच पोटावर.

दौलताबादेत किल्ल्यापाशी जुनी वेस हाय, एका टायमाला एकच गाडी निघती. सुट्टीचा दिवस. फिरायला आलेल्यांच्या गाड्या दोन्ही अंगानं अडकलेल्या. आमचा भोंगा वाजतोय, गाडी हलंना. एक पेरूवाली काचेपाशी आली, आत बघितलं आन् टोपली घेऊन मागं सरली. डायवर उतरून लोकांना हात जोडायला लागला.

"हिला काय आवडतं?" सिस्टरनं इचारलं.

मला वाटलं हिला येड लागलं.

"बोला मावशी, तिला ऐकू येतंय."

मी बोलत राहिले. करपलेली भाकर आवडती. ल्हानपणी बोरीवरून पडली तं बोरं सोडली नाय. लेकीचं बोट हललं. मंग हलायचं थांबलं. ओठ पांढरेफटक. सिस्टरचा हात काय थांबला नाय.

"बाई," मी म्हणले, "म्या चोरून टाकले ते कपडे."

"माहीत आहे. बोलत राहा."

मोठ्या दवाखान्यात स्ट्रेचरबरोबर पळत ती समदं सांगत गेली. किती वाजता बाळ झालं, कोणतं इंजेक्शन कवा दिलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं इचारलं, रक्त किती गेलं? "सात कपडे भिजले. सहा मी पाहिलेले नाहीत," म्हणली. कुणी टाकले, ते तिनं सांगितलं नाय. दार लागलं.

भाइर बाकड्यावर आम्ही दोघी. तिची बोटं आखडून गेलेली, सरळ व्हईनात. मी चहा आणला तं कप धरता येईना. मी कप तिच्या तोंडाला लावला. अर्धा पिली. बाकी गार झाला. आत काय चाललंय, काय कळंना. मी ती वाकडी बोटं बघत बसले आन् माझ्या ध्यानात आलं, की ही बसायची म्हणून माणसं जात नव्हती. जायला निघालेलं माणूस हिला आमच्या आधी दिसायचं, म्हणून ही त्येच्यापाशी बसायची.

दिवस कलल्यावर डॉक्टरीणबाई भाइर आल्या. लेक वाचली. गर्भाची पिशवी काढावी लागली.

लेक घरी यायला लई दिवस गेले. मी कामावर परत गेले तवर सिस्टर तिथं नव्हती. लोकांच्या तक्रारी झाल्या म्हणून काढली, असं कुणी म्हणलं. आपल्या पायानं गेली, असं कुणी. कुठं गेली? गाव कोणतं? कुणाला ठाऊक नाय. मला बी नाय. ती समद्यांना इचारायची. तिला म्या कधी काय इचारलं नाय.

मला शेवटची दिसली ती लेक वाचली त्याच दिवशी, मोठ्या दवाखान्याच्या फाटकात. "निघते मी," म्हणली. "तिकडं खुलताबादला तुमची नात उपाशी असेल." मी पाया पडायला वाकले, तवर ती रिक्षापाशी गेली बी व्हती. दांडी धरायला बोटं वळंनात, तं तिनं दांडीत कोपर अडकवलं, अंग आत वढून घेतलं, आन् रिक्षा निघाली.