गोण्या तोलायचा काटा

ओल्या गोणपाटाचा वास आला की मला पंचवटीच्या भाजीबाजारातला तो मोठा काटा आठवतो. आमच्या मुलींच्या कबड्डी संघाला तेव्हा पंचावन्न किलोची मर्यादा होती. संघातल्या एका मुलीच्या दणकट मांड्यांच्या जोरावर आम्ही सामने जिंकायचो आणि त्याच मांड्यांमुळे तिला म्हैस म्हणायचो. कप्तान मी. मीच तिला बजावलं, "तीन किलो उतरव, नाहीतर घरी बस." तिने जेवण सोडलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी तिच्या भाजीवाल्या वडिलांनी तिला गोण्या तोलायच्या काट्यावर उभं केलं आणि माझ्यासमोर ओरडले, "चोपन्न! जेव आता पोटभर." ती हसली, तिथेच बसून दोन भाकरी जेवली. दुसऱ्या दिवशी मैदानावरच्या काट्याने छप्पन्न दाखवले आणि पंचांनी तिला बाहेर काढलं. वडिलांनी माझ्यापुढे हात जोडले. "ताई, लय दिस उपाशी होती, बघवंना. म्हणून मीच कमी सांगितलं. पोरीचं काय चुकलं नाय." ती शेजारीच उभी होती, माझ्याकडे बघत. मी काय बोलले होते ते तिने त्यांना सांगितलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही. ती पुन्हा कधी खेळली नाही. परवा बाजारात तिचे वडील दिसले, थकलेले. मी भाजी न घेताच परतले.