मशीनला सगळे निकाल पाठ!

आमच्या ऑफिसात फायली निदान कधीतरी निकाली निघतात. किस्से मात्र साचतच जातात. त्यातले निम्मे गेल्या वर्षभरातले आहेत आणि त्यांना जबाबदार मी आहे. एआयवालं ते कायदा शोधायचं ॲप ऑफिसात मीच आणलं!

बंगळुरूहून कायदा शिकून रायपूरला परतले ती मजुरांच्या केसेस लढायच्या म्हणून. पुरानी बस्तीत बाबांचे मित्र देशकर काका वकिली करतात, त्यांच्याकडे लागले. पहिलीच फाईल खेमलालची. बीरगावचा माणूस, उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला. मशीनमध्ये दोन बोटं गेली. जखम भरल्यावर कामावर गेला, तर कंपनी म्हणाली, "तू तर स्वतःहून नोकरी सोडलीस!" खेमलालला फक्त नोकरी परत हवी होती.

कंपनीच्या वकिलाकडे असते तेवढी लायब्ररी खेमलालच्या वकिलाच्या फोनमध्येही असली पाहिजे, असं मोठं भाषण काकांना देऊन मी ॲप घेतलं. प्रश्न टाकला. दहा सेकंदांत पाच निकाल, पाचही आमच्या बाजूचे!

काकांचा एक नियम आहे. कुठलाही निकाल फाईलला लावायच्या आधी ज्युनियरनं तो मुळातून शोधायचा आणि त्याचा शेवटचा परिच्छेद त्यांना मोठ्यानं वाचून दाखवायचा. मी दोन दिवस शोधत होते. चार निकाल ना पुस्तकात, ना कुठल्या कोर्टाच्या वेबसाइटवर. पाचवा सापडला. तो ट्रकखाली आलेल्या म्हशीचा होता!

काका डोळे मिटून बसले होते. "वाच ना," म्हणाले, "म्हशीले नोकरी परत भेटली का?"

* * *

मी चिडून ॲपला लिहिलं, हे निकाल अस्तित्वातच नाहीत. त्यानं इतक्या नम्रपणे माफी मागितली की मलाच वाईट वाटलं. आणि माफीच्या खाली नवे तीन निकाल दिले. तेही खोटे! पुन्हा लिहिलं. पुन्हा माफी, पुन्हा तीन.

काका चष्मा वर करून म्हणाले, "माफी मागून राहिला अन् पुन्हा तेच करून राहिला. अशी कला फक्त आमच्या जावयाले जमते."

* * *

मग ठरवलं, निकाल राहू देत, निदान जबाबाचा सारांश तरी काढून घेऊ. खेमलालनं त्याच्या छत्तीसगढीत सांगितलं होतं, "मैं तो रोज गेट म जात रहेंव, दीदी. गार्ड ह भीतरी जाए बर नइ दिस." म्हणजे रोज गेटवर जात होतो, गार्डनं आत जाऊ दिलं नाही. आमची सगळी केस याच वाक्यावर उभी!

ॲपनं सारांश काढला: 'आपण कारखान्यात गेलो नाही, हे कामगाराला मान्य आहे.'

आमचे टायपिस्ट साहू भैया माझ्या खांद्यावरून वाचत होते. हळूच म्हणाले, "दीदी, इसकी फीस कंपनी दे रही है क्या?"

* * *

एकदा राज्याच्या एका जुन्या कायद्याबद्दल विचारलं. उत्तर आलं, हा कायदा मध्य प्रदेशचा आहे, रायपूरला लागू नाही. तोच प्रश्न दुपारी विचारला, तर ॲपनं रायपूरच मध्य प्रदेशात नेऊन ठेवलं! मी डोकं धरून बसले.

काका म्हणाले, "अवं पोट्टी, मध्य प्रदेशातून फुटून राज्य बदललं तेव्हा आम्ही घराचं कुलूपही बदललं नाही. जुने कायदे कुठी जाणार? इथंच आहेत!"

* * *

एका किश्शावर मात्र मला हसू येत नाही. केस किती मजबूत आहे हे ॲप रंगात दाखवतं. खेमलाल समोर बसला असताना स्क्रीनवर हिरवा पट्टा आला.

"हरा मतलब पास ना, दीदी?"

मी उत्साहात "हव, पास!" म्हणून बसले. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा फोन. मिलची वर्दी धुऊन, इस्त्री करून ठेवली होती. "ज्वाइनिंग कब है, दीदी?"

त्यानंतर ते ॲप मी पंधरा दिवस उघडलं नाही.

* * *

शेवटी लेबर कोर्टात युक्तिवादाचा दिवस आला. समोर न्यायाधीश मॅडम. कंपनीचा वकील माझ्याच वयाचा, कोट नवा, हातात टॅबलेट. उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "मैडम, यह इसी न्यायालय का निर्णय है." मग वाचू लागला: कामगार नुसता गेटपर्यंत आला, म्हणजे तो कामावर हजर झाला असं मानता येणार नाही.

हा निकाल मी पाहिलाच नव्हता! हे मानलं गेलं तर खेमलालचं रोज गेटवर जाणं फुकट. मागच्या बाकावर तो पुढे झुकून ऐकत होता. मी काकांकडे पाहिलं. काका मॅडमकडे पाहत होते.

मॅडमनी चष्मा काढला. "दोबारा पढ़िए."

वकिलाला चेव चढला. त्यानं पूर्ण परिच्छेद पुन्हा वाचला, आणखी जोरात.

"भाषा बहुत अच्छी है," मॅडम म्हणाल्या. "अब नीचे पीठासीन अधिकारी का नाम पढ़िए."

त्यानं बोटानं पान खाली सरकवलं. टॅबलेटकडे पाहिलं. मॅडमसमोरच्या नावाच्या पाटीकडे पाहिलं. पुन्हा टॅबलेटकडे पाहिलं.

मॅडमनी पेन उचललं.

"पढ़िए, पढ़िए वकील साहब. मुझे भी तो पता चले, यह फैसला मैंने कब दिया!"