मेहकरात लागलेला समुद्री माशाचा शोध

चहा हातात असेल तर आधी संपवून टाका. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना आमच्या नणंदेच्या नाकातून चहा आला, तो डाग अजून सोफ्यावर आहे. फजिती माझीच आहे, तेव्हा हसायला पूर्ण मोकळीक. पण एक आधीच सांगून ठेवते, एवढं होऊनही माझी मान खाली गेली नाही. का ते कळेलच.

मी मेहकरच्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते. त्यातही समुद्री मासे! आता तुम्ही विचाराल, मॅडम, मेहकरात समुद्र कुठला? नाहीच! खारं पाणी म्हणाल तर इकडे एक लोणारचं सरोवर, आणि त्यात मासा जगत नाही. पण अभ्यासक्रमाला त्याचं काय? आमच्या प्रयोगशाळेत एक कपाट आहे. त्यात फॉर्मॅलिन भरलेल्या बरण्या, आणि बरण्यांत मासे. माझ्या आधीच्या सरांच्याही आधीपासूनचे! त्या एका कपाटावर मी किती पोरं शिकवली. माशाच्या पाठीवर जो पंखासारखा पर असतो, त्याचे काटे मोजायचे, खवल्यांची रांग मोजायची, आणि कूळ, जात, नाव सांगायचं. माझ्या विद्यार्थ्याला झोपेतून उठवून विचारा, काटे बरोबर सांगेल. याचा मला गर्व आहे, आणि तो मी कशाला लपवू?

त्यात ते मासे ओळखून नावं देणारे लोक म्हणजे माझं दैवत. दोनेकशे वर्षांपूर्वी जर्मनीत एक डॉक्टर होता. रोगी तपासून झाले की मासे तपासायचा. आपल्या बाजूचा समुद्र त्यानं कधी डोळ्यांनी पाहिला नाही. जहाजातून दारूत बुडवलेले मासे यायचे, हा बाहेर काढायचा, काटे मोजायचा, नाव द्यायचा. आणि जो नाव देतो ना, त्याचं आडनाव त्या माशाच्या मागे कायमचं लागतं. कायमचं हं! हे सांगून झालं की मी वर्गात थांबायची आणि विचारायची, "पोरांनो, तो तिथं बसून करू शकला, मग मेहकरात बसून काऊन नाही होणार?"

"होईन मॅडम, होईन!" पोरं ओरडायची.

पोरं ओरडायची ते ठीक, पण हळूहळू मलाही ते खरं वाटायला लागलं. सगळा घोटाळा तिथं झाला.

तर आमचा निखिल पुण्याला नोकरीला. त्यानं तिथं मुलगी पसंत केली. केतकी, रत्नागिरीची. पोरगी इतकी गोड की मी फोटो पाहूनच हो म्हटलं. पण तिचे बाबा अडले. बायको लवकर गेलेली, एकट्यानं वाढवलेली एकुलती एक पोर. फोनवर म्हणाले, "मुलगा झकास आहे हो. पण सणावाराला सासरी आली तर ही खाणार काय? समुद्र एवढा लांब, त्यात तुम्ही पडलात शाकाहारी. एकदा घर बघतो, मग काय ते सांगतो."

निखिल माझ्यामागे लागला. "आई, रविवारी ते येऊन राह्यले. त्यायचं मन वळलं तं लग्न, नाहीतं नाही. सगळं तुह्या हातात हाये."

"अरे, माशाच्या गोष्टीत मन वळवायचं आणि तेही मी? काळजीच सोड!" मी म्हटलं.

निखिल आदल्या रात्रीच आला, रविवारी बापलेक गाडीनं आले. गाडीतून पहिलं काय उतरलं? थर्माकोलचं खोकं. केतकीचे बाबा म्हणाले, "हिचा जीव आहे ह्या माशावर. म्हटलं, तुमच्या घरी हा शिजतो का तेवढं बघू." म्हणजे परीक्षाच की हो! पण आमची तयारी होती. मागच्या अंगणात तुळशीच्या पल्याड शेगडी मांडलेली, नवा तवा आणलेला. आमच्या ह्यांनी फक्त एकच अट घातली होती. "शिजवा, खा, पन तुयशीपासून दूर."

केतकीनं पदर खोचावा तशी ओढणी खोचली, मसाला वाटला, तवा तापत ठेवला. आणि खोकं उघडलं.

अहो, गुलाबी! नवरीच्या शालूसारखा गुलाबी मासा! अंगावर पिवळ्या रेघा, आणि शेपटीच्या वरच्या टोकाला लांबलचक पिवळा दोरा. मी जन्मात असा मासा पाहिला नव्हता. माझ्या कपाटातले सगळे मासे एकाच रंगाचे, जुन्या मेणबत्तीच्या.

"नाव काय ह्याचं?" मी विचारलं.

"राणी मासा."

"ते बाजारातलं झालं. शास्त्रातलं?"

"ते तुम्हीच सांगायचं मॅडम. आम्हाला फक्त चव माहीत."

मी तिथंच फतकल मारली. चष्मा लावला, टाचणी घेतली आणि मोजायला बसले. पाठीवर दहा काटे, मागं नऊ मऊ काड्या. हे गणित तर माझं पाठ! आमच्या कपाटात खालच्या फळीवरच्या एका माशाचं तेच. पण तो मासा पांढरा, आणि त्याला दोरा नाही. काटे तेच, रंग वेगळा, शेपूट वेगळी. याचा अर्थ काय? माझ्या अंगावर काटा आला. याचा अर्थ, त्याचा सख्खा भाऊ! नवी जात!

मोबाइलवर बघायचं ना, असंच म्हणताय ना मनात? अहो, ज्याला येत नाही तो मोबाइल बघतो. मला तर येत होतं!

मी उभी राहून जाहीर केलं, "हा मासा शास्त्राला माहीत नाही!"

केतकीचे बाबा चाचरत म्हणाले, "अहो, आम्ही तर नेहमी खातो."

"खाता. पण मोजला कधी कोणी?"

त्यांच्या उत्तराला मी थांबलेच नाही. शास्त्रात एका माशावर भागत नाही, चार-सहा नमुने लागतात. म्हणून मी सगळेच मासे पोळ्यांच्या डब्यात भरले आणि स्कूटी काढली.

मागून आमचे हे ओरडले, "अवं, कुठी चालली? पाव्हने जेवाचे हायेत ना!"

"शास्त्र थांबत नाही!"

"आन् भूक थांबते काय?"

पण मी कोपऱ्यावर वळले होते.

कॉलेजात जाऊन मासे फॉर्मॅलिनमध्ये सोडले, बरणीला काळं कापड गुंडाळलं, म्हणजे उजेड लागायला नको, आणि कपाटाला कुलूप घातलं. घरी आले तर पंगत बसलेली. माशाच्या मसाल्यात वांगी शिजवली होती! केतकी निमूटपणे वांगं चिवडत होती. तिचे बाबा माझ्या हातांना येणारा फॉर्मॅलिनचा वास चुकवत म्हणाले, "बरं, निघतो आम्ही. कळवतो."

कळवतो! ह्या शब्दाचा अर्थ मुलाच्या आईला सांगावा लागत नाही. निखिलनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यालाच बरणीत बुडवलंय. आणि मला एकदम सुचलं.

"थांबा! नव्या माशाला स्वतःचं नाव द्यायची पद्धत नाही. आपल्याच लग्नात आपणच अक्षता टाकल्यासारखं दिसतं ते. दुसऱ्या कुणाचं तरी द्यायचं असतं. मी केतकीचं देणार."

ते दारातून परत आले आणि खुर्चीवर बसले. "म्हणजे, जगभर?"

"जगभर."

"पुस्तकांत?"

"सगळ्या पुस्तकांत. कायमचं."

त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. "हिची आई हवी होती आज," एवढंच म्हणाले आणि केतकीच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "ठरलं. मुलगी दिली."

पाहिलंत? मी म्हटलं ना, मन वळवायचं माझ्यावर सोडा!

पुढं काय विचारता! आमच्या ह्यांनी चहाच्या टपरीवर सांगितलं, टपरीनं गावाला सांगितलं. पोरांनी बसस्टँडसमोर फ्लेक्स लावला, त्यावर मी, केतकी आणि मधोमध मासा. तिकडे रत्नागिरीत व्याह्यांनी आळीत पेढे वाटले. साखरपुडा मेहकरातच ठरला, आणि त्याच मांडवात माशाचं नामकरणही. आता मात्र धाकधूक होती. त्या माणसानं मुलगी दिली होती ती नावाच्या भरवशावर. नाव हुकलं तर? पण हुकेल कसं, काटे मी स्वतः मोजले होते!

साखरपुड्याच्या दिवशी मंगल कार्यालय भरलं. पुढच्या दोन रांगांत माझे विद्यार्थी. साखरखेर्ड्याची पोरं तर सकाळच्या बसनं येऊन बसलेली. रत्नागिरीहून गाडी भरून पाहुणे. टेबलावर काळ्या कापडातली बरणी. मी माइक हातात घेतला, जर्मन डॉक्टरापासून सुरुवात केली, मेहकरापर्यंत आले, आणि कापड ओढलं.

पांढरे!

सगळेच्या सगळे मासे पांढरेफटक! गुलाबी कुठं गेला, पिवळ्या रेघा कुठं गेल्या? मला काही कळेना. म्हटलं, दोरा तरी दाखवू. चिमट्यानं एक मासा बाहेर काढला, तर दोरा बरणीच्या काठाला अडकला आणि तुटून पडला.

आणि त्याच क्षणी माझा अख्खा वर्ग, कुणी न विचारता, एका सुरात सुरू झाला. "दहा काटे, नऊ मऊ काड्या! मॅडम, खालच्या फळीवरची बरणी!" पुढं कूळ, मग जात, मग लॅटिन नाव, आणि शेवटी त्या जर्मन डॉक्टराचं आडनाव. एक अक्षर चुकलं नाही! पाहुण्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. त्यांनी कडकडून टाळ्या वाजवल्या.

माझे कान तापले. पण देवाशपथ सांगते, छातीही फुगली. काय पोरं घडवलीत मी!

मग डोक्यात उजेड पडला. फॉर्मॅलिन रंग खातं. दर वर्षी पहिल्या तासाला मीच सांगते हो हे, मीच! कपाटातला तो म्हातारा मासाही एके काळी असाच गुलाबी होता. त्याचा दोरा पोरांच्या चिमट्यांनी कधीच तुटला होता.

केतकीचे बाबा उभे राहिले. "मॅडम, मग नाव?"

निखिलनं तिकडून हात जोडले. काहीतरी ठोकून दे, असं त्याचा चेहरा सांगत होता. पण समोर माझा वर्ग बसलेला. त्यांच्यासमोर खोटी जात कशी सांगू?

"नाव आधीच दिलेलं आहे," मी म्हटलं. "त्या डॉक्टरानं. मासा जुनाच, चूक माझी. पण त्यालाही हा दारूत बुडालेलाच मिळाला, आणि त्यानं ह्याचं नाव 'जपानचा' ठेवलं. तो नमुना जपानचा नव्हताच म्हणतात! तेव्हा चुकायचंच तर मी मोठ्या माणसाच्या पंक्तीत चुकले."

व्याही बघताहेत माझ्याकडे, मी बघतेय त्यांच्याकडे, आणि निखिल जमिनीकडे.

पहिली हसली ती केतकी. "बरं झालं बाबा! माझ्या नावाचा मासा मी तळला कसा असता? सुरीच चालली नसती माझी."

तिचे बाबा आधी ओठ दाबून उभे होते. मग खांदे हलायला लागले, मग पोट, मग खुर्चीचा आधार घ्यावा लागला. डोळे पुसत त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला. "जी बाई पाहुणे उपाशी ठेवून माशामागे पळते, तिच्या घरी माझ्या पोरीला माशांची वाण पडायची नाही. साखरपुडा आत्ताच होईल. पण विहीणबाई, मी गावभर पेढे वाटलेत. बिननावाचा मासा मी परत नेणार नाही. नाव आता मीच ठेवीन."

काय ठेवणार, ते काही सांगितलं नाही. अंगठ्या घातल्या गेल्या, यथावकाश लग्नही झालं. आता केतकी आली की आमच्या अंगणात तवा चढतो, आणि आमचे हे तुळशीची कुंडी उचलून गच्चीवर नेतात.

मागच्या आठवड्यात व्याह्यांचा निरोप आला मोबाइलवर. "आज बाजारात विहीणबाई एकदम ताज्या मिळाल्या. दोन घेतल्या."

मला काही उलगडेना. केतकीला दाखवलं तर ती पदराआड हसायला लागली. "आई, आमच्या आळीत आता राणी माशाला सगळे विहीणबाईच म्हणतात. बाबांनीच सुरू केलं."

म्हणजे लागलं की हो नाव! मेहकरात बसून माशाला नाव लागलं, तेही माझं, आणि मी स्वतः न देता! मी तशीच धावत आमच्या ह्यांच्याकडे गेले आणि मोबाइल पुढं केला. तेवढ्यात दुसरा निरोप आला. "विहीणबाई तळल्या. चव झकास, फक्त काटे फार."

ह्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं, मान डोलावली. "याले म्हन्तात वर्गीकरण. मानसानं एकाच घासात बरोबर वळखलं."