कंदिलाच्या छापाची जोड

आश्रुबा पूर्णा जंक्शनच्या लोको शेडमध्ये खलाशी म्हणून चिकटला आणि फायरमन होऊन निवृत्तीला टेकला, पण गावात त्याची ओळख काडीपेटीच्या छापांची. पूर्णेत हैदराबादची गाडी यायची, मनमाडची यायची, खांडव्याची यायची. प्रवासी बिड्या ओढून रिकाम्या पेट्या रुळांत फेकायचे आणि हा पठ्ठ्या वाकून त्या वेचायचा. पेटी पाण्यात भिजवायची, वरचं चित्र अलगद सोडवायचं, वाळवून वहीत ठेवायचं. एवढ्या वेळात माणसानं घराचं सरपण तरी वेचलं असतं, असं त्याची बायको रुख्मिणी येईल-जाईल त्याला सांगायची. तिचंही काही चुकत नव्हतं.

या येडात त्याला सोबती एकच, शेजारच्या क्वार्टरमधला पॉइंट्समन सिताराम. दोघांचा एक नियम होता. एकच छाप दोनदा सापडला की दुसरा आपोआप मित्राचा. त्याला ते जोड म्हणायचे. विकायचा नाही, मोबदला घ्यायचा नाही, आपणहून मागायचा नाही. वीस वर्षांत दोघांच्या वह्या जवळजवळ सारख्याच झाल्या. रविवारी लिंबाखाली बाज टाकून ते एकमेकांची वही चाळत बसायचे. जे आपल्याकडे आहे तेच दुसऱ्याच्या वहीत बघून माणसाला इतका आनंद कसा होतो, हे क्वार्टरातल्या कुणालाच उमगायचं नाही.

अठ्ठ्याहत्तर साली नामांतराच्या दंगलीत सितारामचं गावाकडचं घर पेटवलं. भावाची लेकरं अंगावरच्या कपड्यांनिशी त्याच्याकडे आली. रेल्वेच्या क्वार्टरातही वणवा येईल या भीतीनं सितारामनं वही आश्रुबाच्या घरी आणून दिली. आश्रुबाच्या जातीच्या घराला कोण हात लावणार होतं? तीन आठवडे ती वही ज्वारीच्या कोठीत राहिली आणि सुखरूप परत गेली. ही गोष्ट सिताराम कधी सांगायचा नाही. आश्रुबा मात्र चारचौघांत सांगायचा, आणि जरा जास्तच वेळा सांगायचा.

दोघांच्या वह्यांत एक छाप असा होता की तो पुन्हा कधी सापडला नाही. कंदिलाचं चित्र, पण छापताना रंग घसरलेला, त्यामुळे ज्योत कंदिलाच्या बाहेर, खाली जमिनीवर जळते आहे. एका फौजीनं एकदमच दोन पेट्या फेकल्या होत्या. एक आश्रुबाला, एक सितारामला.

एक्क्याण्णवच्या सुमाराला या खेळाला बाजार लागला. परभणीत माणिकरावानं वह्या-पेनांच्या दुकानात छापांची तयार पाकिटं ठेवली. कधी पेटीला न चिकटलेले, काडी न बघितलेले, विकण्यासाठीच छापलेले कोरे छाप. पोरं रूळ सोडून दुकानात गेली. शेडमधली जी माणसं आश्रुबाला रिकामी पेटी हसत द्यायची, ती आता ह्याचं काय येईल म्हणून विचारू लागली. आश्रुबानं आधी माणिकरावाला शिव्या घातल्या. मग एक दिवस स्वतःच वही काखेला मारून परभणीला गेला.

माणिकराव कंदिलाशी थांबला. हैदराबादला मोठं प्रदर्शन आहे, म्हणाला. हा छाप काचेत लावतील, खाली नाव येईल, आश्रुबा, पूर्णा. चांगली रक्कमही देऊ. फक्त एक अडचण होती, आणि ती त्यानं हसत सांगितली.

"सितारामकडं जोड हाय म्हणतात. जोड हाय तवर हा नुसता कागद. जोड मोडून या, मग बोलू."

परतीच्या गाडीत आश्रुबाच्या डोळ्यांपुढे ती काच आणि ते नाव. जन्मभर कोळसा मारला, नाव कुठं लागलं नव्हतं. सितारामला मागावं, असं एकदा मनात आलं. पण मागायचं नाही हा नियम, आणि तो नाही म्हणाला तर? एवढा एकच छाप नाहीसा केला असता तर चोर कोण हे सितारामला लगेच कळलं असतं. म्हणजे सगळी वहीच गेली पाहिजे.

सिताराम ड्यूटीवर आणि त्याची बायको सुलाबाई नळावर असताना आश्रुबा त्यांच्या घरात शिरला. त्या घराला कुलूप नसायचं. वही त्यानं उघडली नाही. उघडली असती तर हात थांबला असता, हे तो ओळखून होता. शेडमध्ये जाऊन इंजिनाच्या भट्टीचं दार उघडलं, वही आत टाकली आणि वर दोन फावडी कोळसा मारला.

सितारामनं घर उलथंपालथं केलं. त्याच सकाळी सुलाबाईनं रद्दी विकली होती. तिनं नातवाच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं की वहीला मी शिवले नाही. आश्रुबा दारात उभा होता. कागदात कागद जातो वैनी, एवढंच तो बोलला, आणि तेवढ्यानं काम केलं. तीस वर्षांच्या संसारात सितारामनं पहिल्यांदा बायकोवर हात उचलला. ती खाली बसली, तरी तो थांबेना. आश्रुबानं धरायला हवं होतं. तो घरी जाऊन जेवला.

पुढच्या रविवारी सिताराम रिकाम्या हातानं लिंबाखाली आला. "तुझी हाय ना," म्हणाला, "मग मी तीच बघतो." आणि त्यानं पानन् पान बघितलं. आश्रुबाला त्याचा राग आला.

महिन्यानं माणिकरावाचा निरोप आला की जोड नाही हे सितारामनं स्वतः येऊन सांगावं. आश्रुबानं सितारामकडं तेही मागितलं. सितारामनं रजा टाकली, धुतलेला सदरा घातला आणि बरोबर गेला. दुकानात उभं राहून त्यानं सांगितलं, माझी वही रद्दीत गेली, आता कंदील ह्याच्याकडंच हाय. माणिकरावानं पैसे काढून आश्रुबाच्या हातात दिले आणि खुशीत त्याच्या पाठीवर थाप मारली.

"मानलं तुमाला. जोड मोडून या म्हणलो, आन् महिन्यात मोडून आलात."

सितारामनं आश्रुबाकडं बघितलं. आश्रुबा पैशांकडं बघत राहिला. ते पुरेसं होतं.

सितारामनं खिशातून रेल्वेपासचं पाकीट काढलं. त्यातून घडी केलेला कागद, कागदातून कंदील. तो त्यानं माणिकरावापुढं ठेवला.

"छाप विकाया लागले तव्हापासून ह्यो मी पासात ठेवलाय. ह्याचं तरी नाव व्हावं म्हून खोटं बोललो."

माणिकरावानं दोन्ही छाप शेजारी ठेवून बघितले. मग आश्रुबाच्या हातातले पैसे काढून घेतले आणि वही त्याच्याकडं सरकवली.

"वही नेलीस, त्याला मी चोरी नसतो म्हणलो," सिताराम आश्रुबाला म्हणाला. त्याचा आवाज चढलाही नव्हता. "पर सुलाचा कान गेला, आश्रुबा. डाव्या कानानं तिला ऐकू येत न्हाई. ते मी केलंय."

आपला कंदील तिथंच टाकून तो स्टेशनच्या रस्त्याला लागला. आश्रुबा दुकानाच्या पायरीवर बसून राहिला. थोड्या वेळानं गिऱ्हाइकं आली, तेव्हा माणिकरावानं त्याला बाजूला सरकायला सांगितलं.