लग्नपत्रिकेतली खिडकी

नातीच्या बाईंनी सांगितलंय, वाचनासाठी पुठ्ठ्यात एका शब्दापुरती खिडकी कापून द्या. मी जुनी लग्नपत्रिका घेतली. कात्री लावताच वाळक्या हळदीचा वास आला आणि मी थेट विश्रांतवाडीच्या शाळेत, दुसरीच्या वर्गात जाऊन बसले.

तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजत असे. ताईचं वाचन ऐकून अख्खं पुस्तक पाठ होतं, मग अक्षरांकडे बघायचं कशाला? वाचता न येणाऱ्यांना बाई पुन्हा पहिलीत, म्हणजे माझ्या धाकट्या भावाशेजारी बसवणार होत्या. त्यांनी माझ्या पानावर अशीच पत्रिकेची खिडकी ठेवली. चित्र झाकलं, ओळ झाकली. मी आपला धडा पहिल्यापासून सुरू केला.

"अहो विदुषी, थांबा. एवढाच शब्द वाचा."

वर्ग खिदळला. मी शब्दाकडे बघत राहिले, शब्द माझ्याकडे. शेवटी तोंडातून निघालं, "विहीर."

"बरोबर. बसा."

हे ऐकून नात विचारते, "आजी, म्हणजे तू वाचलंस की ठोकून दिलंस?"

"कुणास ठाऊक! मला अजून कळलेलं नाही."

तिच्या पानावर खिडकी ठेवली खरी, पण आधी मीच वाकून तो शब्द हळूच वाचून पाहिला.